डाव्या हाताच्या आवाक्यातली बटणे

शंभा गावस यांचा उजवा हात गेल्या वर्षी काजूच्या हंगामात, एका सोमवारी सकाळी लुळा पडला. पेडणे तालुक्यातल्या आपल्या घरी, मागच्या पडवीत ते तोंड धूत होते. हातातला तांब्या निसटला. उचलायला वाकले, तर बोटे तांब्याभोवती मिटेनात. पत्नी सुलभावयनी बाहेर आल्या तेव्हा ते डाव्या हातात तांब्या धरून उभे होते आणि "काय ना, काय ना" असे म्हणू पाहत होते. शब्द वाकडे येत होते.

पुढच्या काही महिन्यांत बोलणे बरेचसे सुधारले. पायातही जोर आला. हात आला नाही.

त्यांचे वय तेव्हा साठीच्या आतबाहेर होते. पंचक्रोशीत त्यांना शंभाबाब म्हणत. तरुणपणापासून ते भजनात पेटी वाजवत आणि गेली बरीच वर्षे भजनी मंडळांचे रेकॉर्डिंग करत. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक पाणंद आहे. मी पणजीला एका दैनिकात नोकरीला, रविवारी गावी. त्यामुळे मी पाहिलेले बहुतेक रविवारचे आहे. बाकीचे सुलभावयनी आणि शंभाबाबांचा धाकटा भाऊ बाबल यांनी सांगितलेले.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची काजूच्या बिया साठवायची खोली. शंभाबाबांनी तिच्या भिंतींना गोणपाट आणि जुन्या गोधड्या ठोकल्या, जनेल म्हणजे खिडकी विटांनी बुजवली, आत एक संगणक, दोन माईक आणि आपली पेटी ठेवली. बाहेर पाटी नव्हती. पेडण्यात, डिचोलीत आणि पलीकडे सिंधुदुर्गात ज्यांना ती ठाऊक असायला हवी त्यांना ती ठाऊक होती. सकाळचा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत वाड्यावरून पुढे गेल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू होत नसे. त्या भोंग्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. मंडळी ताटकळली तर म्हणत, "तेचो धंदो सकाळी, आमचो मागीर."

आलेल्यांना आधी चहा आणि त्या पोदेराकडचा उंडो पाव मिळे. मग हातातली कडी, खिशातल्या किल्ल्या, मोबाईल एका टोपलीत. मग शंभाबाब दार लावत आणि सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसवत. कुणाचा श्वास शिट्टी मारतो, कुणाची खुर्ची कुरकुरते, ते तेव्हा कळे. कुरकुरणाऱ्या माणसाला ते जमिनीवर बसवत. एकदा एका मंडळाच्या अध्यक्षांनाच कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, उठवून खाली बसवले होते. "अध्यक्ष तुम्ही मंडळाचे," ते म्हणाले, "कदेल माझा."

गाणे टिपून झाल्यावर खरे काम सुरू होई. कुठला तुकडा ठेवायचा, कुठला काढायचा, दोन तुकडे कुठे सांधायचे. हे करताना ते डोळे मिटून बसत. उजवा हात माऊसवर, डावा कीबोर्डच्या बटणांवर, मान किंचित कलती. पडद्याकडे फक्त काम संपल्यावर पाहत. कारण विचारले तर सांगत, "डोळे उघडे ठेवले की चित्र दिसता. आवाज ऐकू येना." पेटीवादकाची ती सवय होती. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे बघत नाही. त्याचा हात एका जागी बसलेला असतो आणि त्या जागेवरून त्याला सगळे सापडते.

खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेले पुंडलिकबुवा डिचोलीकडचे. त्यांचे आणि शंभाबाबांचे नाते गायक आणि पेटीवाला असे, म्हणजे निम्मे भांडणाचे. बुवांच्या आवाजाला पूर्वी फिरत होती. धुळीने श्वास आखूड झाला होता. हात लुळा पडण्याआधीच्या थंडीत बुवांनी शंभाबाबांच्या खोलीत, त्यांच्याच पेटीच्या साथीवर, अकरा अभंग गायले. प्रत्येक अभंग तीन-चारदा गावा लागला, कारण एका दमात कुठलाच पूर्ण होत नव्हता. एका रविवारी मी तिथे होतो.

"मास्तर," बुवा म्हणाले, "तो खोकलो तेवढो काढून उडयात."

"काढलंय तर लोक म्हणतले, हो दुसरोच कोण."

"आनि ठेवलास तर म्हणतले, बुवाक दम लागता."

"तो लागताच. खाणीची धूळ तुमच्या पोटात आसा, माझ्या मशिनीत ना. मी खंयसून काढू?"

बुवा हसले आणि हसताना पुन्हा खोकले. माईक चालू होता. शंभाबाबांनी डोळे मिटून तो खोकलाही ऐकला.

ठरले असे की चांगले चांगले तुकडे जोडून प्रत्येक अभंग सलग करायचा. कुठल्या वेळचा कुठला शब्द घ्यायचा हे कागदावर नव्हते. ते शंभाबाबांच्या कानात होते. बुवांना पुढच्या वर्षी गाता येईल अशी कुणाला आशा नव्हती, बुवांना तर मुळीच नव्हती. "मी आसंय तवर ऐकूक मेळूं दी," एवढेच त्यांनी सांगितले. शंभाबाबांनी काजू संपण्याआधी देतो असा शब्द दिला. काजूचा हंगाम सुरू झाला आणि हात गेला.

त्या सोमवारी काय घडले ते सुलभावयनींनी आणि बाबलने मला वेगवेगळे सांगितले. दोघांचे जुळते. तोंड वाकडे दिसताच वयनींनी बाबलला हाक मारली. बाबल शेजारच्याची गाडी घेऊन आला. गाडी अंगणात उभी होती. पण घरात आधी कौल घेतल्याशिवाय मोठी गोष्ट करायची नाही, अशी रीत. लग्न, विहीर, शस्त्रक्रिया, सगळे देवळात विचारून. बाबल देवळात गेला. पुजाऱ्याने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले, हॉस्पिटलात नेऊ का म्हणून विचारले. उजवीकडची पाकळी पडली तर होकार. त्या दिवशी पाकळी पडेना. बाबल हात जोडून उभा राहिला. पुजाऱ्याने दुसऱ्यांदा गाऱ्हाणे घातले. उन्हे देवळाच्या पायरीवर आली तेव्हा पाकळी पडली. उजवीच पडली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्रास कधी सुरू झाला ते विचारले. वयनींनी सांगितले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचे इंजेक्शन लवकर द्यावे लागते, आता देता येणार नाही. ते रागावले नाहीत. बाबल तिथे उभा होता.

त्यानंतर बाबल रोज सकाळी भावाच्या घरी बांगडे, वेरल्या, जे मिळेल ते आणून देऊ लागला. पिशवी चुलीजवळ ठेवायचा आणि जायचा. देवळातल्या सकाळीबद्दल दोघे भाऊ बोलत नव्हते.

पावसाच्या सुरुवातीला शंभाबाब पुन्हा त्या खोलीत जाऊन बसले. बुवांच्या मुलाने निरोप पाठवला होता की दुसरा कुणी कामाला बसवा, शंभाबाबांनी नुसते सांगावे. शंभाबाबांनी नकार दिला. दुसऱ्याला सांगायला लागले की ऐकणे थांबते, असे त्यांचे म्हणणे. पहिले काही दिवस त्यांनी डाव्या हाताने माऊस धरून पाहिला. हात थरथरे आणि शब्दाचे शेपूट कापले जाई. मग त्यांनी माऊस बाजूला काढून ठेवला आणि सगळे काम बटणांवर, एका हाताने करायचे ठरवले.

अडचण अशी की तो डावा हात भात्याचा होता. पेटीवादकाचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि डावा भाता मारतो. भाता मारणारी चार बोटे चाळीस वर्षे एकत्र पुढे गेली होती आणि एकत्र मागे आली होती. वेगळे चालायचे त्यांना ठाऊक नव्हते. सकाळी ते पेटीसमोर बसत, सुलभावयनी समोरून भाता मारत आणि ते डाव्या हाताने सारेगम वाजवत. वयनींचा भाता एका वेगाने चालत नसे. सूर फुगे आणि बसे. आमच्या घरी ते ऐकू येई.

"भाकरी थापतंस तशी मार," शंभाबाब म्हणत.

"भाकरी थापतंय तशीच मारतंय. तुमी खाताना कधी बोलूक नाय."

दुसरी अडचण बटणांची होती. रेकॉर्डिंगच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला बटणांची एखादी जोडी नेमून देता येते. मनगट हलवायचे नाही आणि डोळे उघडायचे नाहीत, तर जोडी डाव्या हाताखालीच हवी. तिथल्या बहुतेक जोड्या आधीच कुठल्या ना कुठल्या कामाच्या नावावर होत्या. जुने नाव खोडून नवे घालता येत होते. शंभाबाबांनी तसे करून पाहिले आणि सोडून दिले. डाव्या हाताला जुन्या जोड्यांची सवय होती. तो जुनेच समजून दाबे आणि नवेच घडे. म्हणून त्यांना अशी जोडी हवी होती जी आजवर कुणाची नव्हती आणि हाताने कधी दाबली नव्हती.

अशा जोड्या शोधण्यात त्यांचा पावसाळा गेला. जोडी दाबली की ती कुणाच्या नावावर आहे ते पडद्यावर दिसे. कुणाच्याच नसेल तर रकाना कोरा येई. कोऱ्या जोडीला ते पड म्हणत, न कसलेल्या जमिनीसारखी. मी गेलो की मला बसवून दाखवत.

"हे बघ, पेपरवाल्या. कंट्रोल आनि एफ. सिनेमाच्या पट्टीक आवाज जोडूचा काम. आमच्याकडे सिनेमा कोण करता? पण जमीन तेच्या नावार."

"कसता कोण?"

"कोणूच ना. तरी नावार आसा. सगळो पेडणे तालुको असोच."

मग एखादी पड सापडे. तिच्यावर एक काम बसे. तुकडा करणे एकावर, तुकडा मागे सरकवणे दुसऱ्यावर, दोन तुकडे सांधणे शिफ्ट धरून ई वर. रोज लागणारे काम मधल्या बोटाला, कधीतरी लागणारे करंगळीच्या बाजूला. एका रविवारी असे बसलेलो असताना बाबल मासे घेऊन दारात आला. शंभाबाबांनी एक जोडी दाबली. रकाना कोरा आला. ते खूश झाले.

"ही मशीन बरी," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "विचारला की लगेच सांगता. पाकळी पडूची वाट बघूक नको."

बाबलने पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि तो गेला. शंभाबाबांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "बांगडे ताजे आसात काय बघ रे. नायतर मांजर खायत."

चतुर्थीपर्यंत पहिला अभंग झाला. दसऱ्यापर्यंत दुसरा. बुवांच्या मुलाने दोन्ही फोनवर नेले आणि बुवांना ऐकवले. बुवांनी निरोप पाठवला की पेटी जरा मोठी झालीय, माझा आवाज बारीक ऐकू येतो, पेटीवाल्याने आपलेच भले केलेय. हा निरोप शंभाबाबांनी मुलाकडून दोन-तीनदा वदवून घेतला.

बटणांवरून चालताना पडद्यावर आवाजाच्या जितक्या कमी पट्ट्या असतील तितके सोपे जाते. म्हणून त्यांनी एक सोय केली. हाती असलेल्या अभंगाचे तुकडे पडद्यावर ठेवायचे, बाकीच्या अभंगांचे पडद्यावरून उतरवायचे. उतरवलेले पुसले जात नाहीत. ते संगणकात पडून राहतात आणि हवे तेव्हा परत चढवता येतात.

त्यांची आणखी एक जुनी सवय होती. काम संपले की पेटी फडक्याने पुसायची आणि संगणकातला नको असलेला माल काढून टाकायचा, म्हणजे पुढच्या मंडळाला जागा होते. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक आज्ञा आहे. पडद्यावर जे नाही ते सगळे नको असलेले समजून ती कायमचे पुसते. पुसण्याआधी विचारते. दोन हात होते तेव्हा ही आज्ञा कीबोर्डच्या पार उजव्या टोकाला होती, मुद्दाम हात लांब केल्याशिवाय लागायची नाही. दिवाळीच्या सुमारास शंभाबाबांना शिफ्ट आणि डब्ल्यू ही जोडी कोरी सापडली. त्यांच्या हिशेबाने ती डाव्या हाताखालची शेवटची पड होती. सगळी कामे लागून झाली होती, हेच एक उरले होते. ते त्यांनी तिथे नेमले. डब्ल्यू हे ई च्या शेजारचे बटण आहे.

पुढचे त्यांनी मला एकदाच सांगितले. तिसरा अभंग पडद्यावर होता आणि जवळजवळ झाला होता. बाकीचे आठ उतरवलेले होते. दुपारची वेळ. ते डोळे मिटून शेवटचा सांधा देत होते. करंगळी शिफ्टवर, मधले बोट ई वर जायचे होते. शेजारचे बोट त्याच्याबरोबर गेले आणि आधी टेकले. पडद्यावर प्रश्न आला. त्यांनी तो पाहिला नाही. सांधा कसा लागला ते ऐकण्यासाठी त्यांनी अंगठ्याने कीबोर्डवरची खालची लांब पट्टी, स्पेसबार, दाबली. गाणे सुरू करायला तीच लागते. प्रश्न समोर असेल तर तीच होकार देते. गाणे सुरू झाले नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले.

बाहेर ठेवायची दुसरी डिस्क पावसात बंद पडली होती. नवी आणायचे आजारपणात राहून गेले होते. बाबल संगणक घेऊन पणजीला गेला. दुकानदाराने तो काही दिवस ठेवून घेतला आणि परत दिला. आठ अभंगांपैकी काही मिळाले नाही.

शंभाबाबांनी आधी तिसरा अभंग पुरा केला. त्याला पंधरवडा लागला. मग बुवांना स्वतः जाऊन सांगायचे ठरवले. बाबलने गाडी काढली. मीही गेलो.

बुवा ओटीवर उशीला टेकून बसले होते. बरेच वाळले होते. शंभाबाब समोर बसले. लुळा हात त्यांनी मांडीवर उचलून ठेवला.

"बुवा, तुमचे आठ अभंग गेले."

"खंय गेले?"

"पुसले. माझ्याच हातान."

बुवांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे परत गावचे पडतले."

"दम आसा?"

"दम ना. पण अभंग पाठ आसात."

त्यांनी गायला सुरुवात केली. पहिली ओळ हळू, पण सुरात झाली. दुसऱ्या ओळीला आवाज वर जायचा होता. ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा तिथूनच उचलले आणि पुन्हा थांबले. घरातून सून पाण्याचा पेला घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तिसऱ्यांदा बुवांचे ओठ हलले, आवाज आला नाही. शंभाबाबांचा फोन खिशात होता. त्यांनी तो काढला नाही.

"रावद्या, बुवा."

"तू पेटी आणूक ना," बुवा म्हणाले. "मगे सूर खंयसून येतलो?"

शंभाबाब उठले. निघताना बुवांनी त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला, बोटे एकेक करून चाचपून पाहिली आणि सोडला.

परतताना शंभाबाब पुढे, बाबलच्या शेजारी बसले. अस्नोड्याचा पूल ओलांडल्यावर बाबल म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी देवळात जावक नको होता."

"रस्त्याकडे बघ," शंभाबाब म्हणाले.

"मी पाकळेची वाट बघत रवलंय. गाडी दारात होती."

"बाबल, रस्त्याकडे बघ."

घरी पोचल्यावर बाबलने गाडीचे दार उघडून त्यांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. दाराला धरून स्वतः उतरले.

त्यानंतर खोलीत काम झाले नाही. दोन मंडळे विचारायला आली. त्यांना चहा आणि उंडो मिळाला. वयनी सांगत की ते दुपारी आत जाऊन बसतात, संगणक सुरू करत नाहीत. एका रविवारी मी दार ढकलले तर ते अंधारात कदेलावर बसलेले होते. दिवा लावू का विचारले. म्हणाले, "कित्याक? बघूचा काय आसा?" पुढच्या वेळी गेलो तेव्हा भिंतींची गोणपाटे काढलेली होती. नव्या हंगामातल्या काजूच्या बिया भरायला ती बाबलला लागणार होती. सकाळची पेटीही बंद झाली होती.

पुंडलिकबुवा काजूच्याच हंगामात, एका पहाटे गेले. बाराव्याला त्यांच्या अंगणात मांडव होता. शंभाबाब बाबलबरोबर आले आणि मागच्या खुर्च्यांत, कडेला बसले. मुलाने फोन लाऊडस्पीकरला जोडून बुवांचे अभंग लावले. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. पुढे काही नव्हते, म्हणून पुन्हा पहिला सुरू झाला. शंभाबाब डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या फेरीतला तिसरा अभंग संपला तेव्हा ते उठले. पंगत मांडली जात होती. बुवांच्या सुनेने जेवून जा म्हणून आग्रह केला. त्यांनी मान हलवून नको म्हटले. बाबल गाडी आणायला वळला, तर त्यालाही थांबवले.

"तू जेव. मी बसीन जातंय."

ते एकटेच रस्त्यापर्यंत चालत गेले आणि म्हापशाच्या बसमध्ये चढले. मांडव संध्याकाळी सोडला. तोपर्यंत तेच तीन अभंग वाजत होते.